पोटरी भरून येते, चालवत नाही: चप्पल, बूट आणि स्प्लिंट कसं निवडायचं (आम्ही कुठे चुकलो त्यासकट)

आमचे अण्णा एस.टी.त कंडक्टर होते. ३१ वर्षं उभ्याने तिकिटं फाडली, त्यामुळे रिटायर झाल्यावर पाय दुखतात म्हणाले तेव्हा आम्ही सगळ्यांनी "आयुष्यभर उभे होतात, दुखणारच" म्हणून विषय संपवला. मग एक दिवस मी गॅलरीतून बघत होते, अण्णा दूध आणायला निघाले आणि सोसायटीच्या नोटीस बोर्डपाशी थांबले, दोन-तीन मिनिटं वाचत उभे राहिले, मग पुढे गेले, मग पानटपरीपाशी थांबून मोबाईल काढला. दुसऱ्या दिवशी परत तेच. बोर्डावरची नोटीस गेल्या दिवाळीच्या पाणीकपातीची होती, ती रोज काय वाचायची? विचारलं तर आधी चिडले, मग म्हणाले, "अगं पोटरी भरून येते, गोळा येतो, जरा उभं राहिलं की जातं. लोकांना काय सांगायचं रस्त्यात?"

नंतर कळलं की जर्मन भाषेत या दुखण्याला अर्थाने 'दुकानाच्या काचा बघण्याचा आजार' असंच म्हणतात, कारण पेशंट थांबतो आणि काहीतरी बघत असल्यासारखं करतो. डॉक्टरी भाषेत क्लॉडिकेशन, आणि मूळ आजार पीएडी, म्हणजे पायाला रक्त नेणाऱ्या धमन्या आतून अरुंद होणं. पोटरीला चालताना जास्त रक्त लागतं, ते पोचत नाही, मग ती बोंबलते, थांबलं की मागणी कमी होते आणि दुखणं जातं. इतकं साधं आहे, पण आम्हाला समजायला आठ महिने लागले, आणि आजवर घरात चार प्रकारच्या बूट-चपला जमल्या. त्यातल्या तीन जोड्या माळ्यावर आहेत.

मी डॉक्टर नाही, हे सगळं अण्णांना घेऊन फिरताना शिकलेलं आहे. औषधं आणि ऑपरेशन तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं, मी फक्त बूट-चपलेचा प्रवास सांगतेय.

१. दुखणं रक्तपुरवठ्याचंच आहे का ते आधी बघा

बूट शेवटी येतात, आधी पायाची नाडी. कारण पाय दुखायची कारणं भरपूर आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा, कधीकधी उलटा.

रक्तपुरवठ्याचं दुखणं ठराविक अंतर चाललं की येतं, चढावर लवकर येतं, आणि नुसतं उभं राहिलं तरी काही मिनिटात जातं. बसावं लागत नाही. मणक्यातली नस दबून होणारं दुखणं यासारखंच वाटतं पण त्या माणसाला बसल्याशिवाय किंवा पुढे वाकल्याशिवाय बरं वाटत नाही, सायकल मात्र तो आरामात चालवतो. व्हेरिकोज व्हेन्सवाल्याचा, म्हणजे फुगलेल्या शिरांचा, पाय संध्याकाळी जड होतो, सुजतो, उशीवर वर ठेवला की बरं वाटतं. धमनीवाल्याचं नेमकं उलटं, पाय वर केला की पांढरा पडतो आणि दुखतो, खाली सोडला की बरं. हा फरक पाठ करा, पुढे याच्यावरूनच आमचा घोटाळा झाला.

घरी एक गोष्ट करून बघता येते. पायाच्या वरच्या बाजूला, अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या रेषेत वर येत या, तिथे दोन बोटं हलकी ठेवली की नाडी लागते. दुसरी आतल्या घोट्याच्या मागे. आधी स्वतःच्या पायावर शोधा, मग त्यांच्या. मला अण्णांच्या डाव्या पायाची लागली, उजव्याची काही केल्या लागेना. काही जणांची नाडी निरोगी असूनही हाताला लागत नाही, त्यामुळे लागली नाही म्हणून लगेच घाबरू नका, पण डॉक्टरांना सांगा.

२. टेस्ट: चिठ्ठीवर 'आर्टेरियल' लिहिलंय का?

आमची पहिली मोठी चूक इथे. चिठ्ठीवर नुसतं 'डॉपलर (रक्ताचा प्रवाह बघणारी सोनोग्राफी), दोन्ही पाय' असं होतं. हवा होता आर्टेरियल, म्हणजे धमन्यांचा. लॅबने व्हीनस डॉपलर केला, म्हणजे रक्त परत वर नेणाऱ्या शिरांचा. त्यात थोड्या व्हेरिकोज व्हेन्स निघाल्या (त्या वयात अर्ध्या जगाच्या निघतील), मग एका दुकानातून घट्ट कॉम्प्रेशन स्टॉकिंग घेतले, दुकानदार म्हणाला रात्रंदिवस घाला. दुसऱ्या रात्री अण्णा दोन वाजता पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसलेले, पाऊल गार पडलेलं. ज्या पायात आधीच रक्त कमी जातंय तो आपण बाहेरून आवळत होतो. धमनीचा आजार जास्त असेल तर हे स्टॉकिंग घालायचेच नसतात. त्यामुळे एबीआय केल्याशिवाय घट्ट मोजे, क्रेप बँडेज, पट्टा, काहीही नको.

एबीआय म्हणजे घोट्याचं बीपी भागिले दंडाचं बीपी. झोपवून, छोट्या डॉपलर पेनने मोजतात, दुखत नाही, पंधरा-वीस मिनिटात होतं. अण्णांचं सांगते म्हणजे रिपोर्ट वाचता येईल: दंडाचं वरचं बीपी १५०, उजव्या घोट्याचं ९६, म्हणजे ०.६४. डाव्याचं १३८, म्हणजे ०.९२. साधारण १.०० ते १.४० नॉर्मल, ०.९१ ते ०.९९ काठावर, आणि ०.९० किंवा त्याखाली म्हणजे पीएडी.

शुगरवाल्यांनी इथे सावध राहायचं. जुन्या डायबेटिसमधे धमनीच्या भिंतीत कॅल्शियम बसतं, ती पाईपसारखी कडक होते आणि पट्ट्याने दाबली जात नाही, त्यामुळे आकडा खोटा चांगला येतो, कधी १.४० च्या पण वर. तेव्हा अंगठ्याचं प्रेशर मोजतात. अण्णांच्या डाव्या पायाचं ०.९२ बघून आम्ही खूश झालो होतो, पण व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) सर्जनांनी अंगठ्याचं मोजलं आणि तोही पाय तितका साजूक नाही हे कळलं.

तळव्याची संवेदना पण तेव्हाच तपासून घ्या, नायलॉनचा एक बारीक धागा तळव्याला टेकवतात आणि कळतंय का विचारतात. बुटाच्या दृष्टीने ही टेस्ट एबीआयइतकीच महत्त्वाची आहे, कारण ज्याला खडा टोचलेला कळत नाही त्याचा बूट वेगळा.

३. ही लक्षणं असतील तर बुटाचा विचार सोडा

झोपेत पाऊल दुखून उठावं लागतं, पाय पलंगाखाली लोंबता ठेवल्याशिवाय झोप नाही, बोटावर किंवा टाचेवर जखम आहे आणि दोन आठवडे भरत नाहीये, बोट काळं-निळं पडतंय. यातलं एकही असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून व्हॅस्क्युलर सर्जन गाठा. आणि पाय अचानक गार, पांढरा, बधीर झाला आणि भयंकर दुखायला लागला तर ती तासांची गोष्ट असते, अपॉइंटमेंट नाही, सरळ कॅज्युअल्टी.

चालताना दुखतं, थांबलं की जातं, जखम नाही, एवढंच असेल तर पुढे वाचा.

४. बूट काय करतो आणि काय करत नाही

कुठलाही बूट बंद धमनी उघडत नाही. ज्या दुकानात 'ब्लड सर्क्युलेशन वाढवणारी चप्पल' असा बोर्ड दिसेल तिथून पुढे चला. तंबाखू सोडणं, शुगर-बीपी, रक्त पातळ ठेवायची आणि कोलेस्टेरॉलची गोळी, आणि रोजचं चालणं, खरं काम यांचं. अण्णांचा तंबाखू-चुना सुटायला किती महाभारत झालं तो वेगळा लेख होईल. बिडी-सिगरेट ओढणाऱ्या तरुण पोरांना तर बर्जर्स नावाचा वेगळाच आजार होतो, तो लिओ बर्जर नावाच्या डॉक्टरने १९०८ मधे नीट मांडला, त्यात तंबाखू पूर्ण बंद केल्याशिवाय पायाची बोटं वाचवणं अवघड असतं. मिश्री लावणाऱ्या आज्यांनीसुद्धा 'आम्ही कुठे तंबाखू खातो' म्हणू नये.

मग बूट कशाला? दोन कामांना. एक, पायाला जखम होऊ नये, कारण रक्त कमी असेल तर साधा चावा पण भरत नाही. दोन, पोटरीचं काम थोडं हलकं करणं. आपण पाऊल पुढे टाकतो तेव्हा मागचा पाय टाच उचलून जमीन मागे ढकलतो, तो धक्का पोटरी देते. ते ढकलणं बुटाने किंवा स्प्रिंगने थोडं वाटून घेतलं तर तेवढ्याच रक्तात दोन पावलं जास्त पडतात, अशी ही कल्पना. म्हणूनच ज्यांचं दुखणं पोटरीत आहे त्यांच्यासाठी याचा विचार करण्यात अर्थ आहे. ब्लॉक वर पोटात-कमरेजवळ असेल आणि दुखणं कुल्ल्यात आणि मांडीत असेल तर घोट्याशी काही लावून फार काही हाती लागेल असं वाटत नाही, आमच्या सर्जनांनी पण तेच सांगितलं.

५. पर्याय कुठले

*एमसीआर चप्पल किंवा सँडल.* मायक्रोसेल्युलर रबर, आपल्याकडे शुगरवाल्यांसाठी आणि कुष्ठरोगाच्या पेशंटसाठी वर्षानुवर्षं वापरतात. आतला थर मऊ, बाहेरचा सोल कडक, वर बंद व्हेल्क्रोचे, मागे पट्टा. यांचं काम पहिलं, म्हणजे पाय वाचवणं. चालायचं अंतर यांनी वाढेल अशी अपेक्षा नको. दुकानात नुसती मऊ चप्पल एमसीआर म्हणून खपवतात. अंगठ्याने दाबून बघा, आतला थर दबून परत वर आला पाहिजे आणि खालचा सोल वाकवताना जोर लागला पाहिजे.

*टाचेखाली उंची.* हा जुना आणि सगळ्यात स्वस्त उपाय. टाच सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर वर आली की पोटरीला कमी ओढ बसते. बुटात टाचेची गादी टाकून करून बघता येतं, दोन्ही पायात सारखी टाकायची. पण त्याने पुढच्या बोटांवर भार वाढतो, त्यामुळे बोटं बधीर असतील किंवा तिथे कुरूप असेल तर विचारल्याशिवाय नको.

*रॉकर सोल.* होडीच्या तळासारखा गोल सोल, पाऊल आपोआप पुढे लोळतं, घोट्याला कमी ढकलावं लागतं. इंग्लंडमधल्या सॅल्फर्ड विद्यापीठात क्लॉडिकेशनच्या पेशंटसाठी तीन वक्र असलेल्या रॉकर सोलवर काम झालंय. ऐकायला छान आहे पण म्हाताऱ्या माणसाचा तोल हा मोठा प्रश्न. अण्णांना ट्रायलला दिले तर सपाट हॉलमधे मस्त चालले, बाहेरच्या पेव्हर ब्लॉकवर दोन पावलात भिंत धरली. आम्ही तिथेच ते सोडले. ज्यांचा तोल पक्का आहे त्यांनी बघायला हरकत नाही, पण रस्त्यावर ट्रायल घ्या, दुकानातल्या टाइल्सवर नाही.

*कार्बन फायबरचा एएफओ.* एएफओ म्हणजे पाऊल आणि घोट्याचा स्प्लिंट. लकव्याच्या पेशंटला देतात तो पांढरा प्लास्टिकचा तुम्ही बघितला असेल. हा कार्बनचा पातळ, काळा, वजनाला हलका आणि स्प्रिंगसारखा असतो. पट्टी बुटात तळव्याखाली जाते आणि वर पोटरीशी किंवा नडगीवर बांधली जाते. पाऊल टेकून अंग पुढे गेलं की कार्बन वाकतो, ताकद साठवतो, आणि टाच उचलताना ती परत देतो. लकव्याच्या आणि फूट ड्रॉपच्या (पाऊल वर उचलता न येणाऱ्या) पेशंटसाठी हे कधीपासून मिळतात. पीएडीच्या पेशंटना ते लावून किती चालता येतं यावर अमेरिकेत नेब्रास्का विद्यापीठाच्या ओमाहा कॅम्पसमधे अभ्यास झालाय. आपल्याकडे पीएडीसाठी म्हणून कोणी सहसा देत नाही. आम्ही विचारलं तेव्हा पहिल्या ठिकाणी "पेशंटला लकवा कधी झाला?" असं विचारलं. तुम्हालाही विचारतील, तयारीत जा.

*ॲक्युप्रेशरची टोकदार चप्पल.* पर्याय नाही, फक्त इशारा द्यायला लिहितेय. पायात रक्त कमी आणि संवेदना कमी, त्यावर प्लास्टिकचे खिळे! आमच्या आत्याने प्रेमाने आणून दिली होती. माळ्यावरच्या तीनमधली ती पहिली.

६. कुठे जायचं, बरोबर काय न्यायचं

चप्पल दुकानात नाही, ऑर्थोटिस्टकडे, म्हणजे माप घेऊन स्प्लिंट आणि खास बूट बसवून देणाऱ्याकडे. प्रोस्थेटिक्स आणि ऑर्थोटिक्सची डिग्री असते, रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचं रजिस्ट्रेशन असतं, ते सरळ विचारा, खऱ्या माणसाला राग येत नाही. सरकारीत मुंबईला हाजीअलीची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन, ती १९५५ पासून आहे. पुण्याला आर्टिफिशियल लिंब सेंटर, सैन्याचं आहे, १९४४ पासूनचं, पण सिव्हिलियन पेशंटही घेतात. जायच्या आधी फोन करून ओपीडीचा वार विचारा. आम्ही साताऱ्याहून पहाटेची एस.टी. पकडून गेलो (अण्णा दुसऱ्या गाडीने जायला तयारच नसतात) आणि त्या दिवशी मापं घेणं बंद होतं.

पिशवीत हे ठेवा:

- एबीआयचा आणि आर्टेरियल डॉपलरचा रिपोर्ट, झेरॉक्ससकट
- डॉक्टरांची चिठ्ठी, त्यावर आजाराचं नाव, कुठला पाय, आणि 'एएफओ ट्रायलला हरकत नाही' असं स्पष्ट. ही ओळ नसेल तर परत पाठवतात
- एचबीएवनसीचा (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा) शेवटचा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची यादी
- आधार कार्ड
- सध्या वापरतात ते सगळ्यात झिजलेले बूट-चपला. सोल कुठे झिजलाय त्यावरून चाल कळते. आई म्हणत होती लाज वाटते, नवे न्या. नका ऐकू
- रोज घालतात ते मोजे
- चालण्याची वही, तिचं खाली येतं

पैशांचं थोडक्यात: कार्बनचा एएफओ महाग असतो, भाव ठिकाणागणिक बदलतो, त्यामुळे लेखी कोटेशन घ्या आणि त्यात ट्रायल, दुरुस्ती आणि पट्टे बदलणं धरलंय का ते लिहून घ्या. मेडिक्लेमवाल्यांना आधी मेल टाकून विचारा. सरकारची एडिप योजना साधनं देते पण त्याला ४० टक्के अपंगत्वाचं सर्टिफिकेट लागतं, आणि अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांमधे नुसतं पीएडी नाही. आम्ही त्याच्यासाठी दोन चकरा मारल्या, तुम्ही मारू नका.

७. माप देताना

माप दुपारनंतर द्या, दिवसभरात पाऊल थोडं फुगतं. उभं राहूनच द्या आणि दोन्ही पायांचं वेगळं. सगळ्यात लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, आणि सगळ्यात लांब बोट म्हणजे अंगठाच असं नाही, अण्णांचं दुसरं बोट लांब आहे. घरून पावलाचा कागदावर ठसा काढून नेला तर दुकानात बुटाचा आतला सोल त्यावर ठेवून लगेच कळतं की बोटं कुठे बाहेर येतायत.

एएफओ घेणार असाल तर बूट त्याच्या नंतर घ्या. आम्ही आधी बूट घेतले, मग कार्बनची पट्टी आत गेली आणि बूट एवढा घट्ट झाला की करंगळीवर लाल चट्टा. माळ्यावरची दुसरी जोडी ती. साधारण अर्धा-एक नंबर मोठा, आतली गादी काढता येणारा, लेस किंवा रुंद व्हेल्क्रोचा, मागची टाच कडक असलेला स्पोर्ट शू चालतो. एकाच पायाला एएफओ असेल तर दुसऱ्या बुटात तेवढ्या जाडीची गादी टाकायला सांगा, नाहीतर कंबर दुखायला लागते आणि खापर एएफओवर फुटतं.

ऑर्थोटिस्टला हे प्रश्न नक्की विचारा: पट्टीची कड नडगीवर कुठे टेकणार, तिथे पॅड आहे का? पेशंटच्या वजनाला हा कार्बन किती कडक लागतो? जिना उतरताना काय करायचं? आणि ट्रायलला दहा मिनिटं नाही, दुखणं सुरू होईपर्यंत चालवून बघू देणार का? हा शेवटचा प्रश्न सोडू नका. दहा पावलं चालून 'छान वाटतंय' म्हणणारे अण्णांसारखे सगळेच असतात, समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून.

८. पहिले दोन आठवडे: चालण्यापेक्षा कातडी बघा

पहिल्या दिवशी अर्धा-पाऊण तास, घरातच. काढल्यावर मोजे काढून पूर्ण पाऊल बघायचं, नडगी, घोट्याची हाडं, टाचेची मागची बाजू, बोटांच्या फटी, तळवा. लाल खूण असेल तर वेळ लावा, वीस-तीस मिनिटात गेली तर ठीक, नाही गेली तर बूट बंद आणि ऑर्थोटिस्टला फोन. 'दोन दिवसात सैल होईल' हे कोल्हापुरीबद्दल म्हणतात, इथे नाही. सगळं नीट असेल तर रोज थोडा थोडा वेळ वाढवायचा.

तळवा बघायला आम्ही दाढीचा जुना आरसा जमिनीवर तिरका ठेवला. अण्णांना चष्म्यातून दिसेना म्हणून मी रोज रात्री मोबाईलवर फोटो काढायला लागले. नवव्या दिवशी फोटोत करंगळीच्या बाहेर मसुराच्या दाण्याएवढा पांढुरका फोड दिसला, त्यांना काहीच कळलेलं नव्हतं. मोज्याची शिवण तिथे येत होती. एवढंच! मोजे उलटे करून घातले आणि बूट चार दिवस बंद ठेवले, भरला. चार दिवस उशिरा बघितला असता तर काय झालं असतं याचा विचार करत नाही मी.

मोजे पांढरे किंवा फिके, रक्त-पाणी लागलं तर लगेच दिसतं. वर घट्ट इलॅस्टिक नको. बूट घालायच्या आधी दर वेळी आत हात फिरवायचा, आमच्याकडे त्यातून खडा, शेंगदाण्याचं टरफल आणि नातवाची गोटी निघालेली आहे. खोबरेल तेल टाचेला लावा, बोटांच्या फटीत नको. कुरूप ब्लेडने कापायचं नाही, मेडिकलमधल्या कुरूपाच्या पट्ट्या लावायच्या नाहीत, त्यात ॲसिड असतं. आणि पाय गार पडले म्हणून गरम पाण्याची पिशवी किंवा मिठाच्या कढत पाण्यात पाय, हे अजिबात नाही. भाजलेलं कळत नाही आणि भरत तर नाहीच.

९. आता चाला, आणि लिहून ठेवा

चालायला सुरुवात करायच्या आधी हृदयाची तपासणी करून घ्या. पायाच्या धमनीत आहे ते हृदयाच्या धमनीत असायची शक्यता बरीच असते.

पद्धत अशी असते: दुखणं मध्यम होईपर्यंत चालायचं, थांबायचं, पूर्ण गेलं की परत चालायचं. असं थांबत-थांबत एकूण ३० ते ४५ मिनिटं, आठवड्यातून निदान ३ दिवस, निदान १२ आठवडे. दुखायच्या आधीच थांबलं तर फायदा कमी मिळतो, आणि दात-ओठ खाऊन पुढे रेटणं पण नको. अण्णा दोन्ही करायचे, मूडप्रमाणे.

मोजायला आमचं माप विजेचे खांब. मी टेपने मोजलं, आमच्या गल्लीत दोन खांबांत साधारण ३० मीटर आहेत. वहीत चार रकाने: तारीख, कितव्या खांबाला दुखायला लागलं, कितव्याला थांबले, दुखणं जायला किती मिनिटं. बुटाशिवाय नाही, पण आपल्या साध्या बुटात एक दिवस आणि एएफओ घालून एक दिवस, असं आलटून-पालटून पहिले दोन आठवडे लिहा, त्याच रस्त्यावर, त्याच वेळी. तरच कळेल पैसे कशाला गेले. अण्णांचं साध्या बुटात पाचवा खांब, एएफओने सातवा. तीन महिन्यांनी साध्या बुटात पण नववा. त्यात बुटाचं किती, चालण्याचं किती आणि तंबाखू सुटल्याचं किती हे मला वेगळं काढता येत नाही. पण मला असं वाटतं की सातव्या खांबापर्यंत जाता येतंय हे दिसल्यावरच ते रोज बाहेर पडायला लागले.

दोन आठवड्यांच्या वहीत काहीच फरक दिसत नसेल तर ऑर्थोटिस्टकडे जाऊन कडकपणा बदलून बघा, तरी नाही तर परत करा. सगळ्यांना सूट होत नाही.

१०. घर, देऊळ, पावसाळा

एएफओ घालून उकिडवं बसता येत नाही, मांडी घालता येत नाही, भारतीय संडासात तर नाहीच. उगाच जोर लावला तर कार्बन तडकतो. उजव्या पायाला असेल तर मोटरसायकलचा मागचा ब्रेक नीट लागत नाही, अण्णांची गाडी मी सरळ भावाला देऊन टाकली, दोन दिवस बोलले नाहीत.

घरात अनवाणी नको. आपल्याकडे हे सांगणं अवघड, आईने स्वयंपाकघरात चप्पल येऊ द्यायला महिना लावला. शेवटी घरातली वेगळी एमसीआर जोडी घेतली, ती बाहेर जात नाही, मग तिची हरकत संपली. देवळात जाड मोजे घालून जाता येतं, उन्हाळ्यात दुपारी दगडी फरसबंदीवर प्रदक्षिणा मात्र नाही. अण्णांनी वारीचा विषय काढला होता. सर्जन म्हणाले, यंदा पालखी सातारा जिल्ह्यात आली की लोणंदला गाडीने जा आणि दर्शन घ्या. अण्णांनी मान्य केलं, वाखरीपर्यंतचं पुढच्या वर्षी बोलू म्हणाले.

कोल्हापुरी वापरायची सवय असेल तर ती सोडावी लागेल. अंगठ्याची ती चामड्याची रिंग आणि कडक सोल, दोन्ही अशा पायाला वाईट. तिसरी माळ्यावरची जोडी तीच, करकर वाजणारी, लग्नातली. ती टाकायला मात्र अण्णा तयार नाहीत.

पावसाळ्यात दोन जोड लागतात, ओला बूट परत घालायचा नाही, वर्तमानपत्राचे बोळे भरून पंख्याखाली ठेवा, चुलीजवळ किंवा उन्हात नको, चिकटवलेला सोल सुटतो. मऊ आतला थर काही महिन्यात दबतो, बोटाने दाबून परत वर येत नसेल तर बदला, वरून बूट नवा दिसत असला तरी. एएफओच्या पट्ट्यांचं व्हेल्क्रो जुन्या टूथब्रशने साफ करायचं, त्यात केस आणि धागे अडकले की पकड जाते. आणि वर्षातून एकदा एबीआय परत करा, वहीत खांब कमी व्हायला लागले तर वर्ष संपायची वाट न बघता.